येणाऱ्याची भाकर

इतिहासाच्या पुस्तकाविरुद्ध माझी एक जुनी तक्रार आहे. अमुक राजा तमुक साली गादीवर बसला, हे पाठ करून आम्ही परीक्षा पास झालो. पण गादीवर बसण्याआधी तो काय जेवून उठला होता, हे कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नाही. राजाचं एक वेळ राहू द्या, त्याचं कुणी ना कुणी वाढत असणारच. पण बाकीच्यांनी काय खाल्लं? कुणाच्या घरी खाल्लं? मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. शिल्लक किती ते कळल्याशिवाय मला खातं कळत नाही, आणि ताटात काय होतं ते कळल्याशिवाय इतिहास कळत नाही.

बदली होऊन मी वेरूळच्या बाजूला आलो तेव्हा ही तक्रार फारच वाढली. (शाखेचं नाव सांगत नाही, उगाच गिऱ्हाईक वाढतील.) वेरूळला लेणी ३४. बौद्धांची १२, हिंदूंची १७, जैनांची ५. बेरीज बरोबर येते, मी करून पाहिली आहे. त्यातलं कैलास लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरलं गेलं, तेही कळसाकडून पायाकडे. मार्गदर्शक हे सांगतो, पर्यटक माना वर करून 'आहाहा' म्हणतात. माझ्या मनात येतं, हा अख्खा डोंगर फोडणारे पाथरवट दुपारी फडक्यात काय बांधून आणत असतील? आणि बसताना सगळे एका ओळीत बसत असतील, की दगड एकत्र फोडायचा आणि भाकर मात्र वेगवेगळ्या झाडाखाली खायची, अशी व्यवस्था असेल? यावर शिलालेख नाही.

ज्या माणसामुळे या प्रश्नाला थोडं उत्तर मिळालं, ते आमचे कॅशियर. त्यांचं शेत वेरूळहून कन्नडच्या रस्त्याला. सहा एकर जमीन, एक विहीर, दोन बैल, कपाशी, तूर, मका आणि रब्बीला ज्वारी. घर ख्रिस्ती. तीन पिढ्यांपूर्वी जालन्याकडून आलेलं.

ख्रिस्ती घर म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे ठरावीक चित्र उभं राहतं. त्याला सिनेमा जबाबदार आहे. एकदा नाताळात वरच्या ऑफिसातले एक साहेब तपासणीला आले होते, त्यांना कॅशियरांनी शेतावर जेवायला नेलं. साहेब दारातच म्हणाले, "केकचा वास येत नाही तो!" कॅशियरांच्या आई, ज्यांना सगळा गाव आजी म्हणतो, चुलीपुढून म्हणाल्या, "केक नाही, धपाटं हाय. तेबी गोलच असतंय की." साहेबांनी सात खाल्ली. तपासणीत त्या वर्षी एकही शेरा आला नाही.

त्या घरात भिंतीवर येशूचं चित्र आहे, त्याखाली बाजार समितीचं कॅलेंडर. कोनाड्यात शास्त्र, म्हणजे बायबल. त्याला मेणकापडाचं कव्हर, कारण ते चुलीजवळ वाचलं जातं. जेवणाआधी प्रार्थना. आजी डोळे मिटतात आणि आरंभ करतात. आधी देवाचे उपकार, मग आजारी माणसं, प्रवासात असलेली माणसं, राज्य चालवणारी माणसं, पाऊस, सुनेचा गुडघा, डाव्या बाजूचा बैल. एकदा तर, "आणि बापा, बँकेतल्या लोकांना सद्बुद्धी दे," असंही ऐकलं. विहीर दुरुस्तीच्या कर्जाचा त्यांचा अर्ज तेव्हा माझ्याच टेबलावर होता. मी डोळे घट्ट मिटून घेतले. इतकं होईपर्यंत भाकरी निवते. पण त्या घरात निवालेली भाकर खायची सवय सगळ्यांना आहे. अर्ज दुसऱ्या दिवशी पुढे गेला.

या प्रार्थनेत एक शब्द वारंवार येतो, तो म्हणजे भाकर. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत रोजचं अन्न मागितलं आहे, आणि मराठी शास्त्रात ते अन्न भाकर आहे. पाव नाही. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. पाव हा शब्द पोर्तुगिजांबरोबर गोव्याला उतरला आणि मराठीत रुळला. याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओव्यांमध्ये 'ख्रिस्तपुराण' रचलं आणि ते १६१६ साली छापलं गेलं. दहा हजारांवर ओव्या! पुढे विल्यम कॅरीने बंगालात श्रीरामपूरला बसून नव्या कराराचं मराठी भाषांतर १८११ साली छापलं. मग पिढ्यान्‌पिढ्या पंडितांनी आणि पाद्र्यांनी त्या भाषांतराच्या दुरुस्त्या केल्या, वाद घातले. पण भाकर टिकली. देशावरच्या माणसाला पाव म्हणजे आजारपणात चहात बुडवून खायची वस्तू. रोज पाव दे म्हणून देवाकडे मागणं म्हणजे रोज ताप दे म्हणण्यासारखंच झालं असतं.

त्यातून गंमत अशी की शेवटच्या भोजनात येशूने जी मोडली, ती वल्हांडण सणाची बेखमीर भाकर असं मानतात. बेखमीर म्हणजे आंबवण न घातलेली. तेव्हा बेकरीतल्या फुगलेल्या पावापेक्षा आजींच्या हातावर थापलेली ज्वारीची भाकर मूळ वस्तूच्या जास्त जवळची आहे. आणखी एक. येशू जन्मला ते बेथलेहेम. या हिब्रू नावाचा अर्थच मुळी भाकरीचं घर. हे मला आजींनी सांगितलं. त्यांना हिब्रू येत नाही; त्यांना ते त्यांच्या सासऱ्यांनी सांगितलं, आणि सासऱ्यांना बेथेलच्या मास्तरांनी.

आता हे बेथेल म्हणजे काय, ते सांगायला हवं. कारण आमच्या भागातला ख्रिस्ती शेतीचा इतिहास तिथून निघतो. आणि तो इतिहास सुरू होतो एका जेवणाच्या भांडणातून.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री नावाच्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत तर शाळकरी पोर. तोही मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. वडील कोर्टात गेले. मुलगा अज्ञान, म्हणून कोर्टाने तो वडिलांच्या हवाली केला. इंग्रजाचं काम एवढ्यावर संपलं, जातीचं काम इथून सुरू झालं. कारण मुलगा परक्याच्या घरी राहिला होता, म्हणजे जेवलाही असणार! मग असल्या मुलाला पंक्तीत घ्यायचं का? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. सनातनी मंडळी म्हणाली, मुळीच नाही. या एका पोराच्या पोटात गेलेल्या चार घासांवरून मुंबई-पुण्यात असा गदारोळ उठला की विचारू नका. थोरल्या भावाचा धर्म गेला याचं दुःख एकदाचं, धाकट्याच्या घासाचं वर्षानुवर्षांचं.

हा थोरला भाऊ पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री झाला आणि स्कॉटिश मिशनच्या कामासाठी जालन्याला आला. १८७३ साली न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेला जाऊन आलेला हा माणूस. पण त्याचा जीव जालन्याच्या काळ्या मातीत अडकला होता. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाचा दिवाण सालारजंग याच्याकडून त्याने जालन्याजवळ शेकडो एकर जमीन मिळवली आणि तिच्यावर ख्रिस्ती शेतकऱ्यांचं गाव वसवलं. तेच बेथेल. बेथेल म्हणजे देवाचं घर. तिथे आलेली बरीच माणसं मातंग समाजातली होती. गावाबाहेर राहणाऱ्यांना त्याने गावच बांधून दिलं. मुसलमान राजाच्या जमिनीवर स्कॉटिश मिशनच्या आधाराने ब्राह्मण पाद्र्याने मातंगांचं ख्रिस्ती गाव वसवावं, हा व्यवहार आजच्या कुठल्याही बँकेच्या छापील फॉर्मात बसणार नाही. तिकडे औरंगाबादेत तर दुसऱ्या एका मिशनच्या कामाची धुरा कित्येक वर्षं रतनजी नवरोजी या ख्रिस्ती झालेल्या पारशी गृहस्थांनी वाहिली. आमचा मराठवाडा असा सर्वसंग्राहक आहे. उगाच नाही तीन धर्मांची लेणी एका डोंगरात मावली.

ख्रिस्ती झालेल्या गोरगरिबांबद्दल एक टोमणा जगभर चालतो: हे तांदळासाठी झालेले ख्रिस्ती. मराठवाड्यात तांदूळ पिकतो कुठे? इथे धर्म बदलायचा तर ज्वारीवर बदलावा लागणार, आणि ज्वारी तर आधीच्या धर्मातही होती. पण विनोद बाजूला ठेवू. १८७६ ते ७८, १८९६-९७, १८९९-१९००, असे लागोपाठ दुष्काळ या देशाने काढले. त्या काळात ज्याने भाकर दिली त्याचा देव पाहावासा वाटला, यात लाजण्यासारखं काय आहे? केडगावला पंडिता रमाबाईंनी जमीन घेतली ती फळबाग लावून शारदा सदनाचा खर्च भागवावा म्हणून. तिथे दुष्काळातल्या मुली येत गेल्या, येत गेल्या, आणि मुक्ती मिशनमध्ये जेवणारी तोंडं दीड-दोन हजारांच्या घरात गेली. स्वतः रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला खरा, पण जन्मभर शाकाहार सोडला नाही. देव बदलला, चूल बदलली नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं उलटं. नवरा, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाले. बाई १९०० साली. मधली वर्षं नवऱ्याच्या धर्माशी जितकं भांडण, तितकंच स्वतःच्या सोवळ्याशी. त्यांनी 'स्मृतिचित्रे'त ते सगळं इतकं हसत सांगितलं आहे की वाचताना आपण हसतो आणि पुस्तक मिटल्यावर गप्प होतो.

आता टोमण्याचा हिशेब मांडतो, कारण तो माझा प्रांत आहे. ज्याने भाकरीसाठी धर्म बदलला असं म्हणतात, त्याच्या खात्यात जमा काय? शाळा, दवाखाना, माणूस म्हणून मारलेली हाक. आणि नावे काय? भाऊबंद तुटले. गावकीच्या बलुत्यातला हक्क धोक्यात आला. १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी आली, तीत जवळजवळ फक्त हिंदू धरले. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहे. म्हणजे गावाने त्याला जात चिकटवलेली ठेवली आणि सरकारने ती काढून घेतली. शिवाय तो दर पिकावर देवाला दशमांश देतो, दहा टक्के, तेही मुळातून कापून. हंगामाच्या उपकारस्तुतीला शेतकरी पहिल्या पिकाची कणसं, भोपळे, कोंबड्या देवळात आणतात आणि तिथेच लिलाव होतो. आजींनी एकदा स्वतःचीच कोंबडी बोली लावून परत घेतली, बाजारभावाच्या दुपटीने. मी म्हटलं, "आजी, हा तोट्याचा व्यवहार." आजी म्हणाल्या, "लेकरा, अंडी देतीया ती. तुझी बँक देती का?"

नाताळात या घरी जाऊन पाहावं. फराळ म्हणाल तर करंज्या, शंकरपाळे, चकल्या, लाडू, म्हणजे हुबेहूब दिवाळी, फक्त महिना-दोन महिने उशिराची. गावातली पोरं या उशिराबद्दल देवाची आभारी असतात. जेवणाला येसर घातलेला झणझणीत रस्सा आणि भाकरी. माळकऱ्यांसाठी पिठलं वेगळं. रात्री पेटी, ढोलकी, टाळ, आणि टिळकांची भजनं. नगरला कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी १८६२ साली ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं, तेव्हापासून देशावरच्या ख्रिस्ती माणसाला टाळाशिवाय देव आठवत नाही. आणि देवाची योजना अशी की ज्वारीचा हुरडा नेमका त्याच सुमाराला येतो. शेतात आगटी पेटवायची, कणसं भाजायची, हातावर चोळायची, जवसाची चटणी, गूळ. येशू जन्मला त्या रात्री मेंढपाळ शेकोटीभोवती बसले असतील, तर असेच बसले असतील, अशी माझी खात्री आहे. फक्त त्यांच्याकडे हुरडा नव्हता.

या घरात एक रीत आहे. आजी माणसं मोजून भाकरी थापतात आणि शेवटी एक जास्तीची थापतात. तिला म्हणायचं येणाऱ्याची भाकर. ही रीत त्यांच्या सासूची. सासूबाई बेथेलहून आल्या तेव्हा इथे घर एकटं. दारावरून जाणाराला त्या हाक मारत, "भाकर खाऊन जा." जाणारा थांबायचा, बोलायचा, सावलीला बसायचा, पण भाकर नको म्हणायचा. पाणीसुद्धा नको. उन्हात वाळलेले ओठ घेऊन माणूस पुढे जायचा. संध्याकाळी ती भाकर कुत्र्याला. दुसऱ्या दिवशी परत एक जास्तीची. आजी लग्न होऊन आल्या, तरुण होत्या, त्यांनी एकदा सासूला विचारलं, "रोज वाया कामून घालवता?" सासू म्हणाली, "खाणार न्हाई ते त्याचं. थापणार न्हाई ते माझं."

मग १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या. सरकारने दुष्काळी कामं काढली, आणि पाटलिणीपासून सगळ्या बायका खडी फोडायला बसल्या. सुकडीच्या रांगेला वेशीबाहेरची रांग वेगळी नव्हती. त्याच सुमाराला जालन्याच्या मिशनची माणसं बोअर पाडत होती. बोअरवरचे जुने बिडाचे पंप घरगुती वापराचे. गावाच्या हाताला टिकत नसत, मोडून पडत. म्हणून त्यांनी पोलादी, दणकट हातपंप बनवला. सोलापूरच्या मिशनच्या कारखान्यात तो आणखी सुधारला. त्याच्यावरूनच पुढे युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'इंडिया मार्क टू' तयार झाला, आणि देशभर लाखोंनी बसला. आपण ज्याला हापसा म्हणतो तो हाच. शेषाद्रींच्या जालन्याने देशाला पाणी पाजलं, आणि ते पिताना कुणी धर्म विचारला नाही. विचारायला तोंड मोकळं लागतं.

खडीच्या कामावर पाटलाच्या घरचा सातेक वर्षांचा पोरगा आईबरोबर यायचा. एके दुपारी आई सुकडीच्या रांगेत, पोरगा उन्हात. आजींनी फडकं सोडलं. भाकरी मोजूनच आणलेल्या, वर ती एक. पोरगा जवळ येऊन उभा राहिला. आजींनी काही म्हटलं नाही. हाक मारायची सवय सासूची, त्यांची नव्हती. त्यांनी भाकर पुढे केली आणि त्याने ती खाल्ली. मिरचीने डोळ्यांत पाणी आलं, तरी खाल्ली. आई आली, तिने पाहिलं. सगळ्या बायकांचे हातोडे थांबले. पाटलीण थोडा वेळ उभी राहिली. मग खाली बसली आणि म्हणाली, "मला बी दे वाईच."

कोर्ट बसलं नाही, शास्त्री आले नाहीत, प्रायश्चित्त झालं नाही. श्रीपत शेषाद्रीच्या घासापासून इथपर्यंत यायला १२९ वर्षं लागली. हे साल कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं. सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या.

तो पोरगा आता साठीकडे झुकला आहे. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पंढरपूर, आणि दर नाताळाला आजींकडे पिठलं-भाकर. गेल्या नाताळात मीही होतो. आजींची प्रार्थना नेहमीप्रमाणे लांबली. पाटील डोळे मिटून शेवटपर्यंत बसले, भाकरी सगळ्यांच्या सारख्याच निवल्या. जेवणं सुरू झाली तर तव्यावर अजून एक भाकर.

"आजी, येणारा तर आला की," मी म्हटलं.

"ह्यो? ह्यो घरचा झाला. याची मोजून थापलीया," आजी म्हणाल्या. "ही येणाऱ्याची."

चार वाजेपर्यंत आम्ही वाट पाहिली, कुणी आलं नाही. दिवसाचा हिशेब उघडा ठेवून उठायचं नाही, अशी बँकेची शिस्त आहे. ती भाकर मी खाल्ली.